अक्कांच्या मापाचा पट्टा

गौराक्का बोलायला लागल्या की आधी तुमचा दंड धरायच्या. हात नव्हे, दंड. कोपराच्या वर, चांगला घट्ट. आणि बोलणं संपेपर्यंत सोडायच्या नाहीत. दूधवाला असो, पोस्टमन असो, कुणालाही सूट नव्हती. एका खांद्यावर गॅसची टाकी आणि दुसऱ्या दंडाला अक्का, अशा अवस्थेत त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाची साद्यंत हकिगत ऐकणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिलाय.

लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेत राहायला आलो, तेव्हा सामान उतरवत असतानाच समोरच्या दारातून "बर्री, कुंद्री" अशी हाक आली. कानडीत 'या, बसा'. बसायला वेळ कुणाला होता! मी नाही म्हणायला गेले तर बाईंनी दंडच धरला. दाबून पाहिला आणि आमच्या ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यात नुसती हाडं हायत की! तुमी हिला जेवायला घालता का न्हाय?" मला असा राग आला म्हणून सांगू! पण तासाभरात कडक भाकरी, शेंगा चटणी आणि वाटीभर दही घरी आलं. चटणी तोंडात गेली आणि राग तिथेच संपला. माझा राग असाच आहे, चढतो झर्रकन आणि खायला मिळालं की उतरतो.

नवऱ्याच्या मागे अक्कांनी त्या कडक भाकरीवरच घर चालवलं, मुलगा शिकवला. सोलापूर सोडून पुण्या-मुंबईकडे निघालेला माणूस त्यांच्याकडून भाकरीची चवड बांधून घेतल्याशिवाय एसटीत चढत नसे. आयुष्यभर भाकरी थापून त्यांचे दंड पैलवानासारखे झाले होते. मुलगा शिवानंद नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झाला. तो आईला चल चल म्हणून थकला. अक्कांचं उत्तर ठरलेलं, "तिकडं मी कुणाचा हात धरू? तुज्या बिल्डिंगीत माणसं लिफ्टीत शिरली की भिंतीकडं बघत्यात." शिवा जास्तच तणतणला की म्हणायच्या, "होगली बिडू." म्हणजे जाऊ दे, सोड. दूध नासलं तरी होगली बिडू आणि भाऊबंदांनी शेतातला हिस्सा लाटला तरी होगली बिडू.

मग एकदा भाकरी थापता थापता त्यांना चक्कर आली आणि बीपी निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं. त्यावर अक्का त्यांचाच दंड धरून म्हणाल्या, "मीठ न्हाय तर चटणी कशाला म्हनायची डॉक्टर? भुसा म्हना की." आणखी एक गोम होती. दवाखान्याच्या खुर्चीत बसल्या की भीतीनेच त्यांचं बीपी चढायचं. डॉक्टर म्हणाले, घरी मशीन घ्या, रोज सकाळी बघा, तेव्हा खरं काय ते कळेल. शिवाने तेवढंच धरलं. आईला अट घातली, "मोबाईलला जोडलेलं मशीन घ्यायचं. रोज सकाळी आकडा मला दिसला पाहिजे. आकडा नीट असेल तोवर तू तिथं राहा. बिघडला की मी गाडी घेऊन येतो."

अक्कांचं सगळं घर, भाकरीची परात, दारापुढची गल्ली, असं त्या आकड्यावर टांगलं गेलं. मशीन घ्यायची कामगिरी अर्थातच माझ्यावर आली. शिवा रोज संध्याकाळी मोबाईलवर चार मशीनं पाठवायचा. हे बघा वहिनी, ते बघा वहिनी. मी एका शाळेत क्लार्क. दिवसभर पोरांचे दाखले लिहून डोळे आधीच फिरलेले, त्यात ही मशीनं. शेवटी एका रविवारी अक्कांना रिक्षात घातलं आणि नव्या पेठेतलं सर्जिकलचं दुकान गाठलं.

दुकानदाराने आधी मनगटावरचं मशीन दाखवलं. अक्कांना ते फार आवडलं. "घड्याळावानी हाय, लगनात पन घालता यील." मी म्हटलं, डॉक्टरांनी दंडावरचंच सांगितलंय. मग त्याने बोलणारं मशीन काढलं. बटण दाबल्याबरोबर आतली बाई हिंदीत म्हणाली, कृपया शांत बैठिए. अक्कांनी ते परत सरकवलं. "मला गप बस म्हननारा एक होता, तो गेला. आता मशीनीचं कशाला ऐकू?"

मग मोबाईलला जोडायचं मशीन आलं. अक्का एकदम सावध झाल्या. "ह्यात धाडायचं बटन कुटं हाय?"

"बटण नाही आजी, आपोआप जातं."

"आनि न धाडायचं?"

"मग साधं घ्या की, निम्म्या किमतीत येईल," दुकानदार म्हणाला. अक्कांनी आशेने माझ्याकडे पाहिलं, पण शिवा फोनवर होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. मशीन ठरलं. ठरलं खरं, पण दंडाला लावायचा पट्टा अक्कांच्या दंडाला पुरेना, दोन्ही टोकांची भेटच होईना. दुकानदाराने टेपने दंड मोजला आणि मोठा पट्टा वेगळा काढून दिला. म्हणाला, "पट्टा मापाचाच पाहिजे. लहान पडला तर आकडा वाढीव येतो, मोठा पडला तर कमी येतो." अक्कांनी मान डोलावली. मी लक्षसुद्धा दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन मांडलं. पाठ टेकवायची, पाय जमिनीला टेकवायचे, पाच मिनिटं बोलायचं नाही, मग बटण दाबायचं. यातलं बोलायचं नाही हे अक्कांच्या हातून होईना. पट्टा फुगत होता आणि इकडे त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुसऱ्या सुनेचं सांगत होत्या. आकडा भलताच वर गेला. अजून पट्टा सोडला नव्हता तोच शिवाचा फोन! "आई, हे काय? मी शनिवारी येतो न्यायला." अक्कांनी कशीबशी त्याची समजूत घातली. पण त्या दिवशी भाकऱ्या करपल्या, आणि त्यांच्या भाकऱ्या करपलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या.

पुढच्या सकाळी मी शाळेला निघाले तर अक्कांनी दारातच दंड धरला. "वैजू, हात दे जरा."

मी म्हटलं, "अक्का, ही फसवणूक आहे."

"कुनाची? माज्याच पोराची. परक्याची थोडीच हाय?"

 मी दोन अटींवर तयार झाले, गोळी माझ्या डोळ्यांदेखत घ्यायची, आणि महिन्याला दवाखान्यात माझ्याबरोबर यायचं. त्यांनी घटाघटा पाणी पिऊन गोळी घेतली. मग मी खुर्चीत बसले, तो भला मोठा पट्टा माझ्या काडीएवढ्या दंडाला गुंडाळला, आणि आकडा असा गोड आला की शिवाने फोनवर आईचं कौतुक केलं. "बघ, मीठ कमी केलंस की नाही!" अक्का चटणी कुटत कुटत व्हय व्हय म्हणाल्या.

झालं, तो आमचा नेमच पडला. सकाळी त्यांची गोळी, माझा दंड, मग दोघींचा चहा. शाळा, सासूबाईंचं आजारपण, पोराची बारावी या रगाड्यात माझ्या वाट्याला तेवढीच काय ती मिनिटं शांततेची यायची, ती अक्कांच्या खुर्चीत. आमचे हे म्हणायचे, "हिला कुठलं बीपी! तापट माणसाला होत नाही, तो ते दुसऱ्याला देतो." मलाही ते खरंच वाटत होतं. गोळ्या सुरू होत्या, त्यामुळे दवाखान्यात अक्कांचाही आकडा बरा येऊ लागला होता. सगळं सुरळीत चाललं होतं.

बारावीच्या परीक्षेच्या सुमाराला एका सकाळी आकडा वर गेला. अक्का म्हणाल्या, परत बस. परत बसले. परत तेच. त्या दिवशी मात्र अक्का पाच मिनिटं खरोखर गप्प बसून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना गप्प पाहूनच मला धडधडायला लागलं.

"डोकं दुकतं का तुजं?"

"दुखतं थोडं. कुणाचं दुखत नाही? मशीन बिघडलंय अक्का. नाहीतर हा पट्टा मला ढिला होतोय म्हणून असेल."

"दुकानदार काय म्हनाला हुता? मोटा पट्टा कमी दावतो. म्हंजे तुजं खरं ह्याच्याहून जास्त हाय."

मी चिडले. मला वेळ नाही, पोराची परीक्षा झाली की बघू, उगाच घोर लावू नका, असं काय काय बोलले. वर अक्कलही शिकवली, "उद्यापासून तुमच्या हाताखाली भाकऱ्या थापणाऱ्या रेश्माचा दंड घ्या. तिचा आकडा छान येईल. तुमचं काही अडणार नाही." तेवढ्यात फोन वाजला. शिवाच. अक्कांनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, आज एवढा कसा? काय खाल्लंस?"

मी हाताने खूण केली, चटणी म्हणा. एवढंच म्हणायचं होतं. तो थोडा रागावला असता, संध्याकाळपर्यंत विसरला असता. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग चुलीजवळच्या परातीकडे पाहिलं.

"शिवा, ह्यो आकडा माजा न्हाय. वैजूचा हाय. लई दिवस झालं, मी तिचाच हात लावतीय. तू असं कर, तिच्या नवऱ्याला आत्ता फोन लाव आनि तिला दवाखान्यात धाड. ती माजं ऐकत न्हाय."

 मग फोन बंद झाला. मी तर रडायलाच लागले. "अक्का, काय केलंत हे! आता तो तुम्हाला इथं ठेवेल का?"

त्यांनी माझा दंड धरला. "मी रेश्माचा हात लावला तर तुज्याकडं कोन बघनार गं? होगली बिडू."

डॉक्टरांनी माझ्या मापाचा पट्टा लावला. खरा आकडा अक्का म्हणाल्या तसा निघाला, जास्तच. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि ह्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, असंच अंगावर काढलं असतं तर एक दिवस शाळेतून परस्पर उचलूनच आणावं लागलं असतं. आमचे हे चिठ्ठी घेऊन तडक माझ्या गोळ्या आणायला गेले. त्यानंतर त्यांनी तापट माणसाचा तो विनोद पुन्हा कधी केला नाही.

शनिवारी शिवा आला. मला वाटलं, आरडाओरडा करेल. त्याने आधी माझी चौकशी केली. मग आईपुढे बसून हळूच म्हणाला, "आई, मी रोज सकाळी वहिनींचा दंड बघून निर्धास्त कामाला जात होतो. आता तू दाखवशील त्या आकड्यावर मी विश्वास कसा ठेवू?" अक्कांच्या दंडाला मशीन लावलं. अगदी गप्प बसून त्यांनी मोजू दिलं. आकडा वाईट नव्हता. पण त्याचा आता उपयोग नव्हता, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. अक्का उठल्या आणि साड्या बॅगेत भरू लागल्या.

निघताना अख्खी गल्ली जमली होती. त्यांनी एकेकाचा दंड धरून निरोप घेतला, गाडीला चांगलाच उशीर केला. मशीन माझ्या हातात ठेवलं. "शिवा मला दुसरं घिऊन देतो म्हनतोय. हे तू वापर. आनि खरं खरं धाड गं." शिवाने ते मशीन माझ्या फोनला जोडून दिलं, माझे आकडे पुण्याला जातील असं करून दिलं. पुढच्याच आठवड्यात पुण्याहून कुरिअरने एक पुडकं आलं. आत लहान पट्टा. अक्कांनी तिथल्या दुकानात शिवाला नेऊन घेतला होता. माप विचारायला फोनही केला नव्हता. इतकी वर्षं धरलेल्या दंडाचं माप त्यांना कशाला विचारावं लागतंय!

मग रोज सकाळी आकडा गेला की अक्कांचा फोन. "आज कमी हाय, भाकरी खा." नाहीतर, "आज चढलाय. कुनाशी भांडलीस?" कुणाशी तरी भांडलेलीच असायची मी. पुण्याच्या त्या बिल्डिंगीतही त्यांनी लिफ्टमधल्या लोकांचे दंड धरायला सुरुवात केली, असं शिवा सांगायचा. लोक आता भिंतीकडे बघत नाहीत म्हणे. मला फार बरं वाटलं ऐकून.

मागच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. झोपेतच गेल्या, गोळी घेऊन. आम्ही जाऊन आलो. घरी आल्यावर मी ते मशीन कपाटात ठेवून दिलं. कुणासाठी मोजायचं, असं वाटलं. गोळी घेत होते, पण मशीनकडे बघवेना.

आठवडा गेला असेल. सकाळी शिवाचा फोन आला.

"वहिनी, मशीन बिघडलंय का?"

"नाही रे."

"मग आकडा येत नाही तो?" त्याने विचारलं.  "आई उठल्या उठल्या आधी तुमचा आकडा विचारायची, मग चहा. आता मीच बघतो सकाळी. पाठवत जा वहिनी."

मी मशीन काढलं. पाठ टेकवली, पाय जमिनीला टेकवले, पाच मिनिटं गप्प बसले. मग बटण दाबलं. माझ्या मापाचा तो पट्टा हळूहळू दंडावर आवळत गेला, कोपराच्या वर, चांगला घट्ट. तो सोडेपर्यंत मी हलले नाही.