ज्वालामुखीची ओटी

किस्से आमच्या घरात जुन्या फर्निचरसारखे साठतात. टाकून कोणी देत नाही, जो तो आपल्या सोयीने इकडून तिकडे सरकवतो. बालीच्या सहलीचं तर विचारूच नका. म्हैसूरच्या गोकुलममधल्या आमच्या घरी पाहुणा आला, की भाऊकाका ती सहल अशी रंगवतात, की ऐकणाऱ्याला वाटावं तो ज्वालामुखी यांनीच पेटवला! म्हणून आता मी सांगते. मला कोणाकडून स्थळ आणून घ्यायचं नाहीये, त्यामुळे खोटं बोलायची गरज नाही.

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. काका बँकेत होते आणि घोड्याला घाबरतात. पण घराण्याची शिस्त म्हणून सहलीत रोज सकाळी हॉटेलच्या लॉबीत आम्ही सगळ्या नातेवाइकांनी रांगेत उभं राहून आपापला नंबर ओरडायचा.

ज्वालामुखी आणि धबधब्यांच्या टूरच्या दिवशी आमचे नंबर संपले आणि रांगेच्या टोकाला उभा असलेला एक उंच गोरा माणूस खणखणीत आवाजात पुढचा नंबर म्हणाला. काका खूश. म्हणाले, "बघा, ही शिस्त! नक्की आपल्या गोकुलमला योग शिकून गेलेला दिसतोय." त्यांनी त्याला हाताला धरून आमच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसवलं.

त्याची टॅक्सी दारात आली तेव्हा कळलं, बिचारा एअरपोर्टला निघाला होता.

*

आमच्या गाइडचं नाव वायान. तिशीचा, हसरा. काकांनी त्याला सगळ्यांची ओळख करून दिली. माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "धिस इज अवर इंजिनीअर. फेल्ड."

मी म्हटलं, नापास नाही झाले, सोडलं. दुसऱ्या वर्षाला. एवढं बोलले, तर शालूकाकी, म्हणजे काकांची बायको, लगेच म्हणाली, "सुम्ने बस ग. परक्यासमोर कशाला?" आमच्याकडे मराठीत सुरू झालेलं वाक्य गप्प बसवायची वेळ आली की कन्नडमध्ये शिरतं.

वायान म्हणाला, त्यानेही कॉलेज अर्ध्यात सोडलं. मग काय! त्या क्षणापासून तो डावीकडे वळला, की काका मोबाईलवर नकाशा उघडून डावीकडे रस्ता आहे ना, याची खात्री करायचे.

*

आता मुख्य भानगड. सुशीलाआत्या ही काकांची धाकटी बहीण. म्हैसूरजवळ येलवालच्या शाळेत तिने जन्मभर भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर लाल खडूने ज्वालामुखी काढला, खरा कधी पाहिला नाही. या सहलीला ती आली ती फक्त त्या एका डोंगरासाठी. म्हैसूरहून निघताना तिने बॅगेत एक हिरवा खण, तांदूळ आणि हळदकुंकू ठेवलं होतं. नारळ बालीत घेतला. नदीची ओटी भरतात, तशी तिला ज्वालामुखीची ओटी भरायची होती.

"पोटात एवढी आग घेऊन शांत बसलीय," आत्या व्हॅनमध्ये म्हणाली. "तिची ओटी भरायला नको?"

मला हे इतकं आवडलं की मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग काकीने घसा साफ केला. ओटी भरणं सवाष्णीचं काम, असं तिचं म्हणणं. आतोबांना जाऊन बरीच वर्षं झालीत, सुशीलाने असं काही मनात आणू नये, वगैरे. काकांनी निकाल दिला: ओटी शालू भरेल. आणि खण, तांदूळ, नारळ, सगळं आत्याच्या मांडीवरून उचलून काकीच्या पर्समध्ये गेलं.

मी तोंड उघडलं, पण आत्याने माझा हात दाबला. "होगली बिडू," म्हणाली. जाऊ दे. पण तिने खिडकीकडे तोंड फिरवलं, ते पुढची तीन वळणं फिरवलेलंच.

*

वाटेत कॉफीचा मळा लागला. कॉफी हा आमच्याकडे धर्माच्या जरा वरचा विषय. काकांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला आणि जाहीर केलं, की अशी डिकॉक्शन चिकमगळूरच्या माणसालाही जमणार नाही. दुसरा कप मागवला. मग वायानला विचारलं, की बाबा रे, बिया भाजता कशा?

वायानने पिंजऱ्यातलं उदमांजर दाखवलं. हे बिया खातं. मग त्या जशा बाहेर पडतात, तशा गोळा करून, धुऊन, भाजून...

काकांचा घोट तोंडातच राहिला. गिळवेना, थुंकवेना. गालफडं फुगवून ते आमच्याकडे बघत राहिले.

काकी शांतपणे म्हणाली, "अय्यो, मुंजीत पंचगव्य घेतलंत की. गिळा."

*

धबधबा खोल दरीत होता. काकांनी वरूनच डोकावून सांगितलं, की आमच्या जोगपुढे हे म्हणजे गळका नळ. काकांनी जोग पाहिलाय तो भर मे महिन्यात, कोरडा. हे मला बाबांनी सांगितलंय.

काकी गुडघ्यांमुळे व्हॅनमध्येच थांबली. आम्ही उतरलो. खाली पाणी दिसताच आमच्या सगळ्या मंडळींनी नेहमीच्या सवयीने चपला काढून एका रांगेत ठेवल्या. वरून पाणी पडतंय, म्हणजे तीर्थ. तीर्थावर चपला घालून कोण जातं?

अर्ध्या तासाने परत येतो तर रांग कुठच्या कुठे लांबली होती. मागून आलेल्या सगळ्या परदेशी लोकांनी आमचं बघून बूट काढले होते! दोनचार जण तर हात जोडून उभे. वायान डोक्याला हात लावून म्हणाला, की इथे देऊळ नाहीये, कधीच नव्हतं.

आत्या आपली चप्पल शोधत म्हणाली, "आता झालं."

सकाळपासून ती पहिल्यांदा हसली.

*

मग डोंगरातली वळणं. चौथ्या वळणाला काकीने नाकाला लिंबू लावलं, सहाव्याला सीट आडवी करून घेतली. ज्वालामुखी समोर आला तेव्हा तिला मान उचलवेना.

आणि काय दिसत होता तो! काळा, भला मोठा, कडेला लाव्हा वाहून गेल्याचे डाग, खाली निळं तळं, माथ्याशी धुराची एक बारीकशी रेघ. आत्या व्हॅनमधून उतरली आणि थेट रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. समोर कड्यावर एक छोटं दगडी देवस्थान होतं. काही पायऱ्या चढून गेलं, की तिथून थेट डोंगराला हात जोडता येत होते.

मी म्हटलं, आता तरी आत्याला भरू द्या. काका विचारात पडले. आणि मग माझ्या काकांनी, घोडदळाच्या वारसाने, बँकेच्या निवृत्त मॅनेजरने असा निकाल दिला: बायकोच्या वतीने नवऱ्याने ओटी भरली तर चालते.

म्हणजे विधवा बहीण नको, पण मिशीवाली सवाष्ण चालेल!

देवस्थानासाठी वायानने आम्हा तिघांना लुंगीसारखं कापड आणि कमरेला पिवळा पट्टा बांधला. काका एका हाताने कापड सावरत, दुसऱ्या हातात नारळ, काखेत काकीची पर्स, असे चढले. मागून आत्या, मी आणि वायान. वर एक म्हातारी बाई नारळाच्या झावळीच्या छोट्या परड्यांत फुलं मांडत बसली होती. तिने काकांकडे कौतुकाने पाहिलं आणि जागा करून दिली.

काका उभे राहिले. नारळाकडे पाहिलं. खणाकडे पाहिलं. आधी कुंकू की आधी तांदूळ? नारळाची शेंडी कुणाकडे? जन्मभर दुसऱ्यांना शिस्त लावली, पण ओटी कशी भरतात हे त्यांनी कधी मान वर करून पाहिलंच नव्हतं. कापड सुटायला लागलं, ते धरायला गेले तर नारळ निसटला. तो वायानने झेलला.

"सुशे, काय करायचं ते सांग की."

आत्या हात मागे बांधून उभी. म्हणाली, "मला कशाला विचारतोस भाऊ? मला चालत नाही."

मी रुमाल तोंडात कोंबला. खाली व्हॅनमधून सगळे बघत होते. म्हातारी बाई वाट बघत होती. काका लाल झाले, इकडे तिकडे बघितलं, आणि सगळा पसारा आत्याच्या हातात कोंबून कापड सावरायला भिंतीकडे वळले.

आत्याने पदर खोचला. हळद, कुंकू, तांदूळ, खण, वर नारळ. तिचे हात जराही अडखळले नाहीत. डोंगराकडे तोंड करून तिने नमस्कार केला, आणि कितीतरी वेळ वाकूनच राहिली.

म्हातारी उठली. तिने आत्याच्या ओंजळीत तीर्थ दिलं, कानामागे पांढरं फूल खोवलं, आणि ओल्या तांदळाचे दाणे चिमटीत घेऊन आत्याच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, अंगठ्याने दाबून बसवले. आतोबा गेल्यापासून त्या जागी टिकलीसुद्धा टेकली नव्हती.

भाऊकाका भिंतीकडून वळले. "सुशे," ते हळूच म्हणाले, "पूस ते."

आत्याने आपल्या पिशवीतून मोबाईल काढून त्यांच्या हातात दिला.

"फोटो काढ," ती म्हणाली. "आणि मागचा डोंगर कापू नकोस."