खारट नव्हतं

लेकरं शाळेच्या पटांगणात ओळीनं जेवायला बसली होती. मी सांबाराची बादली घेऊन वाकले, तेवढ्यात शाळा कमिटीचे अध्यक्ष आत आले. गावात त्यांना सगळे अप्पा म्हणतात. मागं चार-पाच बाप्ये.

अप्पा माझ्याशी बोलले न्हाईत. लेकरांशी बोलले. "उठा. हिच्या हातचं खायचं न्हाई."

लेकरं उठली. त्यांची स्वतःची नात, दुसरीतली, तेवढी ताट धरून बसली. "अप्पा, भूक लागलीय." त्यांनी ताट हिसकलं, भात नालीत टाकला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बादली बी वत."

मी वतली. लपवत न्हाई. हात माझेच होते.

आमचं घर तीन पिढ्यांचं बौद्ध. गाव कर्नाटकातलं, मी कन्नड शाळेत दहावी झालेली. रीतसर अर्ज करून स्वयंपाकाचं हे काम मिळवलं होतं. त्यो माझ्या कामाचा पाचवा दिवस.

कुणीतरी मोबाइलवर सगळं उतरवून घेतलं होतं. दोन दिवसांत ते बेंगळुरापर्यंत गेलं. अनोळखी माणसं मला फोन करून अप्पांवर संतापायची. टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या. एक जण माईक धरून म्हणाला, "अक्का, बादली घेऊन जरा परत वतून दाखवा की."

मी घरात जाऊन दार लावलं.

इकडं गावातल्या गिरणीवाल्यानं माझी ज्वारी दळली न्हाई. माझ्या नवऱ्याला तुरीच्या काढणीला कुणी बोलावलं न्हाई. आठवड्यानं देशाचा राग दुसरीकडं गेला. गाड्या थांबल्या. मग मला पंचायतीत बोलावणं आलं.

तालुक्याचे एक साहेब होते, शेजारी अप्पा. मी सासूला घेऊन गेले होते. साहेबांनी कागद पुढं सरकवला. "दोघांत मिटलं, एवढंच लिहिलंय. काम तुमचं चालू राहील. सही करा."

सासू हळूच म्हणाली, "कर माय सही. गावात ऱ्हायचंय आपल्याला."

कागद कन्नडात होता. मी वाचायला घेतला.

"वाचायलाव कामून?" साहेब म्हणाले. "सांगितलं की मी."

मी मोठ्यानं कन्नडात वाचलं. सासूला कन्नड वाचता येत न्हाई, अशी सरकारी कन्नड तर कळत बी न्हाई. म्हणून परत मराठीत सांगितलं. सांबार खारट होतं. त्यात केस निघाला. म्हणून लेकरं आपणहून उठली. चूक माझी, मी माफी मागते.

साहेब पंख्याकडं बघायला लागले.

"एका सहीनं काय झिजायलीस?" अप्पा म्हणाले. "बादली बी वत" नंतर माझ्याशी बोललेलं त्यांचं पहिलं वाक्य.

मी म्हणाले, "बादली वतली तवा तुमचं भ्या वाटलं. आज बी वाटायलंय. पण सही करणार न्हाई."

सासूनं पदर खोचला. उठली. "चल," म्हणाली.

तिथनं दोघी सरळ ठाण्यात गेलो. दुपारभर बाकावर बसवलं. "गावातलं गावात मिटवा," म्हणून सांगितलं. आम्ही हललो न्हाई. शेवटी मी तक्रार माझ्या हातानं कन्नडात लिहिली. अप्पांचं नाव लिहिलं. बादली मी वतली, हे बी लिहिलं. कुणी वतायला लावली, ते बी.

काम मी सोडलं न्हाई. रोज सगळ्यांच्या मापानं शिजवते. निम्मी लेकरं जेवतात, बाकीची घरून डबा आणतात. अप्पांची नात डबेवाल्यांत बसते आणि माझ्याकडं बघते. दळण मी दुसऱ्या गावातनं आणते, पायी.

केस चालू हाय. प्रत्येक तारखेला जाणार. मिटवून घे म्हणणारी माणसं अजून दारात येतात. त्यांना मी बसायला सांगते, आधी तांब्याभर पाणी पुढं ठेवते. पाणी पिलं तर ऐकून घेते. न्हाई पिलं, तर बोलणं तिथंच संपलं.