सुमनच्या काखेतली गाठ

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. ह्यांच्यापाशी नाही, पोरींपाशी नाही. तुमच्यापाशी तरी का बोलतेय — ठाऊक नाही. पण मनाला स्वस्थता नाही, म्हणून लिहून टाकते.

आम्ही बरकतपुऱ्यात राहायचो. घरोघर केबल आली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी अमेरिका, ते दिवस. माझा धाकटा दीर कंप्युटर शिकून तिकडेच निघालेला. त्याला पलीकडच्याच हिमायतनगर मोहल्ल्यातली सुमन पसंत पडली. नोकरीवाली पोरगी, स्कूटर चालवायची, सासूबाईंशीसुद्धा हसून बोलायची. आणि मी? मला त्या घरात मोठ्यानं हसल्याचं आठवत नाही. पण थांबा, आधी माझं सांगते.

धाकट्या लेकीच्या वेळच्या बाळंतपणानंतर माझ्या काखेत गाठ झाली होती. सुपारीएवढी, बोटाखाली सरकायची. माहेरी नांदेडला गुपचूप काढून घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही बायकांना जन्मतःच काखेतही थोडा स्तनाचा भाग असतो, त्यात ही झाली. तपासली, साधी आहे, कॅन्सरबिन्सर नाही. सासरी मी सांगितलं — गळू कापलं. काखेत स्तन, हे कुणाला सांगायचं? नणंदांनी जन्मभर हसून घेतलं असतं.

आमच्याकडे रीत अशी, की नव्या सुनेचा पहिला ब्लाऊज थोरलीनं आपल्या हातानं शिवायचा. म्हणून मी माप घ्यायला सुमनकडे गेले. काखेपाशी, मुंढ्याला टेप लावली तशी ती कळवळली. मग तिनं दार लोटलं आणि हात वर करून दाखवलं.

"वहिनी, हे काय असेल हो? पाळी जवळ आली की ठणकतं. आईलासुद्धा बोलले नाही."

मी बोट लावून पाहिलं. तशीच. तशीच सरकणारी. डॉक्टरला दाखव म्हणायचं, मलाही अशीच होती म्हणायचं — किती वेळ लागला असता? मी म्हटलं, "कुणाला सांगू नको गं. मी आहे ना."

आणि घरी येऊन, चप्पल काढता काढता, सासूबाईंना सांगितलं.

त्या गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, भाजी निवडत होत्या. हात थांबला त्यांचा. "कसली गाठ गं? कॅन्सर तर नसंल?"

इथं बोलायचं होतं मला. एवढंच एक वाक्य होतं माझ्याजवळ, आणि ते फक्त माझ्याजवळच होतं.

मी म्हटलं, "काय की."

सुमनच्या घरी निरोप गेला — पत्रिका जुळत नाही. दीर थोडे दिवस जेवला नाही, मग विमानात बसला.

भीतीनं गप्प बसले, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं समजावलं. माझं गळू उघडं पडलं असतं, म्हणून. पण भीतीच होती, तर मुळात सांगितलंच कशाला? कुणी विचारलं होतं का? ती माझ्या घरात येऊन सगळ्यांची लाडकी व्हायला नको होती मला. बस्स, एवढंच होतं ते. कितीही उलटंपालटं केलं तरी एवढंच निघतं.

पुढं ती बेगम बाजारात भेटली. मी लाल मिरची घेत होते. "वहिनी" म्हणून लांबूनच हाक मारली तिनं. लग्न झालेलं, कडेवर लेक. पत्रिकेचं तिनं खरं धरलं होतं, तिच्या मनात काही नव्हतं. म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना, कुणाला सांगू नको. गप्पच राहिले बघा. दीड-दोन वर्षं रोज वाटायचं, आता मरते का मग. शेवटी काढली. साधीच निघाली." मग हळूच, "तुम्हाला तेव्हा हाताला काय वाटलं होतं हो?"

"मला काय कळतंय गं त्यातलं," मी म्हटलं.

"हौ ना, तुम्हाला कसं कळणार," ती म्हणाली, आणि माझी मिरचीची पिशवी रिक्षापर्यंत उचलून आणून दिली.