कालची फांदी

नकाशाताईंनी बावीस वर्षं घरांचे नकाशे काढले. ते काम संगणकावर गेलं तेव्हा त्या प्रयोगशाळेत आल्या, आणि एका मिलिमीटरभर कृमीने त्यांच्या नाकी नऊ आणले.

काम दिसायला सोपं. कृमी पारदर्शक, त्याच्या कातडीखाली एक मज्जापेशी चमकायची, तिला झाडासारख्या फांद्या. एका वेळी असे तीन कृमी असायचे, आणि प्रत्येकाचा तो जगेल तोवर रोज फोटो निघायचा. ताईंनी त्यावर पातळ कागद ठेवून फांदी न् फांदी गिरवायची. पण सोमवारची फांदी मंगळवारी गायब, आणि बुधवारी भलतीकडेच नवी. बिल्डरकडे कालची भिंत आज अशी नाहीशी झाली असती, तर ताईंना घरी बसवलं असतं. फोटोच नीट आला नसणार, असं धरून त्या कालचा कागद शेजारी ठेवायच्या आणि हरवलेली फांदी भरून टाकायच्या.

तीन महिन्यांनी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई सगळा गठ्ठा घेऊन आल्या.

"ताई, यात एकही फांदी कधी आखडत नाही."

"मग चांगलंच आहे की."

"फोटोत आखडलेली दिसतेय."

कॅमेऱ्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मी भरल्या."

"कुठल्या कुठल्या?"

"आता काय सांगू? दोनशे दहा कागद आहेत."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, ही पेशी फांद्या काढते आणि मागेही घेते. तेच तर बघतोय आपण."

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत. मी आपली रोज त्या मेल्याची डागडुजी करत बसले."

"सांगितलं असतं, तर आखडल्याच असणार असं धरून असलेल्या फांद्याही खोडल्या असत्या तुम्ही."

हे लागलं, कारण खरं होतं.

"दुसरं कुणी बघावं लागेल," बाई म्हणाल्या.

"दुसरं कशाला? फोटो आहेत ना. सगळे मीच परत काढते. फक्त कालचा कागद तुमच्या कपाटात कुलपात ठेवा. माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही."

बाईंनी गठ्ठा उचलून कपाटात टाकला आणि किल्ली खिशात.

पहिल्याच फोटोत एक फांदी अर्ध्यावर संपली होती. ताईंचा हात शिवशिवला. पेशीचा उजेड संपला तिथे त्यांनी रेघ थांबवली.

"कर बाबा, तुझ्या मनाला येईल ते," त्या कृमीला म्हणाल्या आणि दुसरा फोटो पुढे ओढला.