मामीचं ओलं फडकं

माझा मामा सरकारी बागेत माळी आहे. काचघरातली वाळवंटी झाडांची खोली त्याच्याकडे. अठरा वर्षं त्याने त्या काटेरी मंडळींचे लाड केले. कुणी साधं "छान आहे" म्हटलं, तरी मामा सुरू होई: कुणी पान जाड करून त्यात पाणी साठवलंय, कुणी पानांचे काटेच करून टाकलेत, म्हणजे उन्हाला तोंड घालायला जागाच नको. ऐकणारा तासाभराने सुटे.

गेल्या उन्हाळ्यात मामा तापाने घरी पडला आणि नेमके तेव्हाच नवे साहेब पाहणीला आले. एका पानावरून बोट फिरवलं, बोट पांढरं झालं. शेरा लिहिला: झाडं धुळीने माखली आहेत, पंधरा दिवसांत सुधारणा न दिसल्यास खोली बंद करावी.

शेरा मामीच्या कानावर गेला. मामीच्या घरात धुळीला पाय ठेवायची सोय नाही, आणि तिच्या नवऱ्याच्या कामाला नावं ठेवायची तर मुळीच नाही. मामाला न सांगता तिने फडकं ओलं केलं आणि काचघर गाठलं. मामाला कळलं तसा तो तापातच उठून धावला. तोवर अकरा झाडं लखलखीत झाली होती, बारावं अर्धं.

मामाने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. ती धूळ नव्हतीच. ऊन परतवायला आणि आतलं पाणी राखायला पानांनीच तो पांढऱ्या मेणाचा थर अंगावर धरलेला. तो रागावला नाही, त्यानेच मामीला जास्त रडू आलं. अकरा कुंड्या त्याने सावलीत ओढल्या. बारावीला मामीने हात लावू दिला नाही.

"ही उन्हातच राहू दे," ती म्हणाली. "माझी चूक साहेबांना दिसू दे."

पंधरा दिवसांनी साहेब आले. बाराव्या झाडाची पुसलेली पानं करपली होती, पांढरी टवटवीत. साहेबांचं बोट सवयीने पुढे झालं.

"साहेब, हात नको," मामी म्हणाली. "मी तेच केलं होतं."

साहेबांनी दोन्ही बाजू नीट पाहिल्या, हात खिशात घातला आणि शेरा स्वतःच खोडला. मग मामाचं तासभर ऐकून घेतलं. मला त्यांची दया आली.

ते बारावं झाड मामाने घरी आणून खिडकीत ठेवलं. आता त्याला नवी पानं फुटलीत, पांढऱ्या मेणासकट. मामी रोज सगळी खिडकी घासूनपुसून काढते, आणि त्या कुंडीपाशी आली की फडकं खांद्यावर टाकून नुसती बघत उभी राहते.