पुसलेल्या रेघा

मला स्तनाचा कर्करोग झाला आहे, हे थोरल्या जाऊबाईंना मी सांगितलंच नाही. आजार सुरुवातीचा होता. एरवी आधी शस्त्रक्रिया करतात; माझ्या बाबतीत मात्र आधी किरणोपचार, मग शस्त्रक्रिया, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. जरा बरं वाटलं की सांगू, असं म्हणत राहिले. उपचार सुरू होऊन आठवडा झाला आणि गारगोटीहून फोन आला. झोपेतच त्या गेल्या होत्या. अंबाबाईची ओटी कशी भरायची, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

गारगोटीला अंत्यसंस्कारानंतर रीतीप्रमाणे डोक्यावरून पाणी घेतलं. रडत, भान नसल्यासारखं अंग चोळलं. कोल्हापुरात घरी परतून आरशात पाहिलं. किरण नेमके कुठे द्यायचे, यासाठी छातीवर आखलेल्या शाईच्या रेघा गेल्या होत्या. तिथे पाणी-साबण लावू नका, असं मला किती वेळा बजावलं होतं!

रोज देवीचं दर्शन घेऊनच मी उपचाराला जात असे. आता दहा दिवस सुतक. देवळात जायचं नाही आणि अंगावर रेघाही नाहीत. देवीनंच मला दूर केलं, असं मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात जाऊन बसले खरी, पण नाव पुकारताच उठून बाहेरच्या दाराकडे निघाले.

"ओ ताई, तिकडं कुठं? तुमालाच बोलवाय लागल्यात की!"

शेजारच्या बाकावरची म्हातारी होती; हातकणंगल्याहून आल्याचं मघाशी कुणाला तरी सांगत होती. मला रडू फुटलं. रेघांचं सांगितलं, तर ती हसायलाच लागली.

"एवढंच व्हय? मी तर काथ्यानं घासून काढल्या हुत्या. म्हटलं, म्हातारीला कशाला रंगवून ठेवलंय! मशीनवाली बाई लई वरडली. पर मारल्या की परत!"

तिनं हात पुढे केला. मी मागे सरले. "शिवू नका, मला सुतक आहे."

"ह्यो हात आत्ताच आंबाबाईच्या उंबऱ्याला लावून आणलाय. तिला चालतंय का न्हाय, ते तिचं ती बघंल. चला."

आणि माझं उजवं मनगट धरून तिनं मला आतल्या दारापर्यंत नेलं.

मला बोलणी बसली. मग डॉक्टर आले, जुनी मापं काढून रेघा पुन्हा आखल्या. उपचार एक दिवस पुढे गेला, एवढंच. रेघा आखून घ्यायला हात डोक्यावर नेले, तेव्हा मनगटावर तिच्या तळव्याचं कुंकू दिसलं. सुतकात लावायचं नसतं. मी ते पुसलं नाही.

ती पुन्हा दिसली नाही. नावही विचारायचं राहिलं. सुतक फिटल्यावर देवळात गेले, तेव्हा मागायला काही सुचेना. उभ्या उभ्या जाऊबाईंना मात्र सगळं सांगितलं. आता शस्त्रक्रियाही पार पडली आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी भीती अजून येते. तेव्हा मी उजवं मनगट डाव्या हातानं धरते आणि पुढचं अंबाबाईवर सोडते.