निषाद न देणारे काका

अख्ख्या पेनसिल्व्हेनियात माझ्या रूममेटच्या काकांइतका हट्टी माणूस नसेल, आणि असलाच तर काकांनी त्याला केव्हाच पळवून लावलं असेल. नागपूरचे हे गृहस्थ सॉफ्टवेअरमधून रिटायर झाले आणि स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळच्या घराच्या गॅरेजमध्ये डल्सिमर करू लागले. मांडीवर आडवं ठेवून छेडायचं, तीन-चार तारांचं हे इथल्या डोंगरांतलं वाद्य. मराठी मंडळातल्या लोकांनी सुचवलं, "काका, करायचाच तर तंबोरा करा." "त्याला मिरजेत माणसं आहेत. इथल्या अक्रोडाच्या लाकडाला कोण विचारणार?" एवढं बोलून त्यांनी रंधा उचलला. गाडी तेव्हापासून बाहेर बर्फात उभी असते.

या वाद्याला पडदे मोजकेच, त्यामुळे त्यात शुद्ध निषाद, म्हणजे शुद्ध नी, मिळत नाही. हल्लीच्या वादकांना तो हवा असतो, म्हणून बाकीचे कारागीर एक जादा पडदा बसवून देतात. काका देत नाहीत. एकदा एक बँडवाला ओहायोहून ड्राइव्ह करत आला. त्याला स्टेजवर आवाज स्पीकरमधून यावा म्हणून वाद्याच्या आत पिकअप हवा होता, तो काकांनी हौसेने बसवून ठेवला होता. पण त्याने जादा पडद्याचं नाव काढताच काकांनी तयार वाद्य परत भिंतीवर टांगलं आणि त्याला पोहे खाऊ घातले. "पोटभर खा, पण नी मिळणार नाही!" हे मराठीतच सुनावलं. तो बिचारा थँक्यू म्हणाला.

काकूंशीही वाद तोच. त्या रोज सकाळी स्वयंपाकघरात आईकडून शिकलेलं एक भजन म्हणायच्या आणि त्याचा सगळा जीव त्या शुद्ध नीमध्ये. काकांनी केलेलं पहिलं डल्सिमर त्यांचंच, पण ते पडून असायचं. "माझं भजन यावर वाजतच नाही," त्या कुरकुरायच्या. काका म्हणायचे, "तेवढा सूर गळ्यातून काढ. गळा आहे ना?"

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलणं कुजबुजीपुरतं उरलं, गाणं संपलं. घर इतकं गप्प झालं की तिथे जेवायला जाणं माझ्या जिवावर यायचं.

मार्चमध्ये गेलो, तर दारातच भजन ऐकू आलं. काकू मांडीवर डल्सिमर घेऊन बसल्या होत्या आणि तो नी लख्ख वाजत होता. मी नवा जादा पडदा निरखतोय हे पाहून काका गुरकावले, "चुकून बसलाय तो. हात हलला माझा. बाहेर बोलू नकोस, उद्या लाईन लागेल इथे."

केसभर फरक न खपवणाऱ्या माणसाचा हात हलला म्हणे! मला हसू आलं आणि डोळेही भरले. बँडवाल्यांना पडदा अजून मिळत नाहीच. पण आत भजनात तो सूर आला की गॅरेजमधला रंधा थांबतो. कारण विचारलं, तर काका म्हणतात, "धार गेलीय त्याची."